अभ्यासाबाहेरचा अभ्यास
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मला व्याख्यानाची सवय नाही, शिकवण्याची आहे. सव्वीस वर्षे मी अभियांत्रिकीच्या मुलामुलींना शिकवले. तेव्हा मधूनच मी एखादीला उभे करून प्रश्न विचारला, तर ती जुनी खोड समजून आपण मला क्षमा कराल अशी आशा आहे.

आजचा विषय मी निवडलेला नाही. तो आपल्यातल्याच एका भगिनीने दिला आहे. गेल्या महिन्यात भजन संपल्यावर त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाई, माझी मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तास संपतात चारला आणि ही घरी येते साडेआठला. सगळे मिळून कसली गाडी बनवतात म्हणे. हात काळे, ओढणीला ग्रीस. तिचे वडील म्हणतात, हा खेळ आता पुरे. मी कोणाची बाजू घेऊ?" मी तेव्हा उत्तर दिले नाही. त्यांना म्हटले, हा प्रश्न तुमच्या एकटीचा नाही, तो सर्वांसमोरच बोलू. या बाईंचे नाव मी सांगणार नाही. परंतु असा प्रश्न जिच्या घरी कधीच आला नाही, अशी येथे क्वचितच कोणी असेल.

पुस्तके, तास, प्रयोग आणि परीक्षा यांखेरीज महाविद्यालयात जे चालते, त्याला अभ्यासपूरक उपक्रम म्हणतात. गाडी किंवा यंत्रमानव तयार करून स्पर्धेत नेणे, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात जाणे, वादविवाद, नाटक, नौकानयन, नियतकालिकाचे संपादन, संमेलनाची व्यवस्था, असे पुष्कळ प्रकार त्यात येतात. आपल्या वेळी याला 'उद्योग' म्हणत, आणि 'तुला दुसरा उद्योग नाही का?' असेही विचारत!

आता मी आपल्याला प्रश्न विचारते. मागे आपण वेरूळला सहल नेली होती. गाडी कोणी ठरवली? वर्गणी कोणी गोळा केली? ज्यांनी शेवटच्या दिवशी 'येत नाही' म्हटले, त्यांचे पैसे परत द्यायचे की नाही, हे कसे ठरले? वाटेत एकीला उलट्या सुरू झाल्या, तेव्हा कोण तिच्याजवळ थांबले आणि कोणी बाकीच्यांना पुढे नेले? परतल्यावर हिशोब सभेपुढे कोणी मांडला आणि कमी पडलेल्या पैशांचा जाब कोणी दिला? हे सारे आपण केले आणि कोणाला त्यात विशेष काही वाटले नाही. अभियंत्याच्या रोजच्या कामाचा मोठा भाग अगदी असाच असतो, असे मी सांगितले तर आपल्याला नवल वाटेल. यंत्र कसे चालते हे पुस्तक सांगते. ते यंत्र ठरल्या दिवशी, ठरल्या खर्चात, दहा माणसांना बरोबर घेऊन आणि कोणाच्या जिवाला धोका न होता चालू कसे करायचे, हे पुस्तकात वाचून येत नाही.

आपल्या शहराला हा विषय परका नाही. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय येथे १९६० साली सुरू झाले. १९८२ साली जवाहरलाल नेहरू अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, आणि पुढे आणखी कितीतरी. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा येथे कारखाने उभे राहिले. आज शहागंजातल्या गल्लीगल्लीत एखादा तरी मुलगा किंवा मुलगी इंजिनिअर आहे. पदवीचा कागद पुष्कळांच्या हाती आला. तेव्हा निवड करणारा माणूस आता विचारतो, या कागदापलीकडे याला काय येते?

हे केवळ कारखानदारांचे म्हणणे नाही. २०१४ साली आपला देश वॉशिंग्टन करार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा पूर्ण सभासद झाला. अभियांत्रिकीचे शिक्षण एकमेकांच्या देशात ग्राह्य धरण्याचा हा करार आहे. त्यात पदवीधराकडून ज्या अपेक्षा आहेत, त्यांत गणित-विज्ञान तर आहेच. परंतु संघात काम करणे, आपले म्हणणे नीट सांगणे आणि लिहिणे, कामाचा खर्च व वेळ सांभाळणे, नीतीने वागणे, समाजाचा व पर्यावरणाचा विचार करणे, याही अपेक्षा आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर अभ्यास आणि अभ्यासपूरक यांच्यामध्ये भिंत असू नये असेच म्हटले आहे. भिंत कागदावर पडली. आपल्या घरात ती अजून उभी आहे, म्हणून हे बोलणे.

आता त्या गाडीकडे येते. ती मुलगी वर्कशॉपमध्ये चार तास करते तरी काय? 'बाहा' नावाची एक स्पर्धा आपल्या देशात २००७ पासून होते. तिची सुरुवात इंदूरजवळ पीथमपूरला झाली. विद्यार्थ्यांनी एका माणसाने चालवायची, खाचखळग्यांतून जाणारी गाडी स्वतः आखायची आणि स्वतः बांधायची. स्पर्धेच्या ठिकाणी आधी तपासणी होते. जोड पक्के आहेत का, चालकाचा पट्टा ठीक आहे का, संकटात तो ठरावीक सेकंदांत बाहेर पडू शकतो का, हे पाहतात. ब्रेक दाबला की चारही चाके जागच्या जागी थांबली पाहिजेत. नाही थांबली, तर गाडी शर्यतीत उतरतच नाही, मग बाकीची कितीही देखणी असो. शेवटी चार तासांची सहनशक्तीची शर्यत. आणि केवळ गाडी पळवून भागत नाही. प्रत्येक भागाचा खर्च किती आला, याचा अहवाल द्यावा लागतो. ही गाडी कोणी का विकत घ्यावी, हे परीक्षकांना पटवावे लागते. म्हणजे लोहार, मुनीम आणि दुकानदार, तिन्ही भूमिका एकाच वर्षात पार पाडाव्या लागतात.

परीक्षेत शंभरापैकी चाळीस मिळाले की मुलगा पास होतो. म्हणजे साठ गुणांचे चुकले तरी चालते. चार चाकांपैकी तीन थांबली, तर पंचाहत्तर टक्के झाले असे तेथे कोणी म्हणत नाही. चुकीची किंमत दुसऱ्याचा जीव असू शकते, ही जाणीव मुलांना मी फळ्यासमोर उभी राहून कधी देऊ शकले नाही. ब्रेकच्या चाचणीत नापास होऊन परत आलेल्या मुलांना ती मला द्यावीच लागली नाही.

दुसरे उदाहरण पुण्याचे. तेथील अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ सालचे, देशातल्या जुन्या महाविद्यालयांपैकी एक. तेथल्या विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' नावाचा उपग्रह तयार केला. वजन सुमारे एक किलो, लांबी-रुंदी-उंची प्रत्येकी दहा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या मिसळणाच्या डब्याहून लहान! हौशी रेडिओवाल्यांचे संदेश एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचवावे, हा त्याचा हेतू. २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही सी-३४ या प्रक्षेपकाने एकूण २० उपग्रह नेले, त्यांत हा एक होता. वर्तमानपत्रांत फोटो आले, कौतुक झाले, ते योग्यच झाले.

परंतु मला त्यातली दुसरीच गोष्ट मोठी वाटते. हे काम सुमारे आठ वर्षे चालले, आणि विद्यार्थी महाविद्यालयात असतो चारच वर्षे. ज्यांनी आरंभ केला, ते तो उडण्याच्या कितीतरी आधी पदवी घेऊन निघून गेले होते. मग काम टिकले कसे? जाणाऱ्याने आपण काय केले, काय फसले, का फसले, हे येणाऱ्याला समजावून दिले म्हणून. आपले नाव ज्यावर शेवटी दिसेलच असे नाही, त्या कामाचा आपला वाटा नीट करून पुढच्याच्या हाती देणे, हे फार अवघड शिक्षण आहे. आपल्या मंडळाच्या जुन्या इतिवृत्ताच्या वह्या ज्यांनी सांभाळल्या, त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. याच महाविद्यालयात १९२८ पासून नौकांचा 'रेगाटा' होतो. नावेत सगळे मिळून वल्ही मारतात. त्यांतल्या एकाने आपले बळ दाखवायला तालाबाहेर वल्हे मारले, तर नाव पुढे जाण्याऐवजी अडखळते. यावर वेगळे भाष्य नको.

आता घराजवळचे. माझ्या एका विद्यार्थ्याचा वडिलोपार्जित व्यवसाय शेतीचा. मराठी माध्यमातून आलेला, वर्गात तोंड उघडत नसे. गाडीच्या संघात त्याला कोणी घेईना. शेवटी सामान आणण्याचे, म्हणजे कोणालाच नको असलेले काम त्याच्या गळ्यात पडले. नट-बोल्ट, बेअरिंग, पाइप यांसाठी हा शहरभर सायकलवर हिंडे. तीन दुकानांत भाव विचारी, वहीत लिही, पावत्या चिकटवी. दुकानदारांशी हिंदीत, उर्दूत, मिळेल त्या भाषेत बोलता बोलता त्याची भीड चेपली. एकदा चुकीच्या मापाचा पाइप आला. त्याने वही काढून दाखवली, कोणत्या दिवशी कोणी कोणते माप सांगितले होते ते. भांडण तेथेच मिटले. पुढे वाळूजच्या एका कारखान्यात त्याला खरेदी विभागात नोकरी लागली. मुलाखतीला जाताना त्याने पदवीबरोबर ती वहीही नेली होती. त्याला बोलायला कोणी शिकवले नाही. बोलण्यासारखे काम हाती आले, म्हणून तो बोलू लागला.

याची दुसरी बाजू मी लपवणार नाही. असाही एक विद्यार्थी मला आठवतो, जो प्रत्येक समितीत असे. संमेलनाचा चिटणीस, क्रीडेचा प्रतिनिधी, स्वागत समितीचा प्रमुख. खिशाला नेहमी कसला तरी बिल्ला. त्याची प्रमाणपत्रांची फाइल जाड झाली आणि चार विषय राहिले. वर्ष वाया गेले, वडिलांनी कर्ज काढलेले. मी त्याला विचारले, "या सगळ्यांत तू स्वतःच्या हाताने काय केलेस?" तो बराच वेळ गप्प राहिला. दोन दिवसांच्या कार्यशाळेत मागच्या बाकावर बसून मिळवलेला कागद हा उपक्रम नव्हे. तेव्हा 'बाहेरचे सगळे चांगले' असेही मी म्हणत नाही.

आणि आता जे सांगायचे आहे ते मला थोडे जड जाते. परंतु ते वगळले तर हे भाषण अप्रामाणिक होईल.

माझी स्वतःची मुलगी इलेक्ट्रॉनिक्सला होती. तिसऱ्या वर्षी यंत्रमानवाच्या स्पर्धेसाठी तिची निवड झाली. रोज उशिरापर्यंत थांबायचे आणि शेवटी चार दिवस पुण्याला जायचे. मी नाही म्हटले. कारण सांगितले परीक्षेचे. खरे कारण ते नव्हते. संघात सात मुलगे होते आणि ती एकटी मुलगी होती. वाड्यातले लोक काय म्हणतील, हे माझ्या मनात होते. दुसऱ्यांच्या मुलींना 'जा गं, घाबरू नकोस' म्हणणारी मी, घरी आले की आई होत असे. तिने वाद घातला नाही. विशेष प्रावीण्यासह ती उत्तीर्ण झाली आणि मला वाटले, माझेच बरोबर ठरले.

पुढे नोकरीच्या मुलाखतीत तिला विचारले, "चौघांनी मिळून केलेले असे एखादे काम सांगा, की जे बिघडले आणि तुम्ही ते सावरले." तिला सांगण्यासारखे काही नव्हते. तिच्याहून कमी गुणांची तिची मैत्रीण, जी त्या संघाबरोबर जाऊन आली होती, तिची निवड झाली. घरी आल्यावर मुलगी एवढेच म्हणाली, "आई, माझे काही बिघडलेच नव्हते गं." भगिनींनो, सव्वीस वर्षांच्या नोकरीत मला इतके लागेल असे कोणी बोलले नाही. पुढे तिला नोकरी लागली, आज ती चांगल्या ठिकाणी आहे. पण चूक झाल्यावर ती चारचौघांत कबूल कशी करावी, मदत कशी मागावी, हे जे ती विद्यार्थिदशेत हसतखेळत शिकली असती, ते तिला नोकरीत रडतरडत शिकावे लागले.

मुलींच्या बाबतीत आज परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशात मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि मागासवर्गीय कुटुंबांतील, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क माफ झाले. २०१७ साली सुरू झालेल्या 'स्मार्ट इंडिया हॅकेथॉन' या स्पर्धेत तर सहा जणांच्या संघात निदान एक मुलगी असलीच पाहिजे, असा नियम आहे. सरकारने जागा दिली, शुल्क माफ केले. संध्याकाळचे चार ते आठ हे तास मात्र सरकार देऊ शकत नाही. ते आपल्याच हाती आहेत. मुलगा आठला आला तर आपण ताट वाढतो. मुलगी आठला आली तर आधी प्रश्न वाढतो.

१९५३ साली मुंबईच्या व्हीजेटीआयमधून शकुंतला जोशी स्थापत्य अभियंता झाल्या. देशातल्या पहिल्या महिला स्थापत्य अभियंत्यांत त्यांची गणना होते. लग्नानंतर त्या शकुंतला भगत. ठरावीक आकाराचे पोलादी भाग जोडून पूल उभारण्याची पद्धत त्यांनी आणि त्यांच्या पतीने काढली, आणि तिचा पहिला पूल १९७२ साली हिमाचलातल्या स्पितीत उभा राहिला. ज्या काळात मुलीने सायकल चालवली तरी लोक वळून पाहत, त्या काळात कोणीतरी त्यांना घराबाहेरच्या कामाला 'जा' म्हटले असेलच ना?

म्हणून माझे सांगणे थोडक्यात असे. मुलगा असो वा मुलगी, 'किती वाजता आलास?' या प्रश्नाबरोबर तीन प्रश्न आणखी विचारा. पहिला, तुझ्या अंगावर नेमके कोणते काम आहे? दुसरा, ते बिघडले तर तू कोणाला जाब देणार? आणि तिसरा, तू जे केलेस ते कोठे लिहून ठेवले आहेस? तिन्हींची उत्तरे मिळाली, तर निःशंक मनाने जाऊ द्या. एकाचेही मिळाले नाही, तर तो वेळ अभ्यासाला द्यायला सांगा. परीक्षेच्या आधीचे दिवस अभ्यासाचेच, यात तडजोड नको. पदवीच नसेल तर बाकीच्याला आधार उरत नाही.

काळजी वाटणे चूक आहे असे मी मुळीच म्हणत नाही. काळजी असेल तर तिचीही व्यवस्था लावू. वर्कशॉप किती वाजता बंद होते, तेथे कोण अध्यापक थांबतात, हे महाविद्यालयात जाऊन विचारण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि एकटीने जाण्यापेक्षा मंडळाने जावे. आपल्या भागातल्या ज्या मुली उशिरा परततात, त्यांनी एकत्र यावे आणि शहागंजच्या चमनापाशी आपल्यापैकी दोघींनी पाळीपाळीने त्यांना घ्यायला उभे राहावे. पहिली पाळी माझी. गुडघे दुखतात, पण उभे राहता येते.

आणखी एक सूचना. खेड्यापाड्यांतून एसटीने येणाऱ्या किंवा संध्याकाळी नोकरी करणाऱ्या मुलांना रात्री थांबणे शक्य नसते. त्यांना सुटीच्या दिवशी करता येईल असे काम आपणच का देऊ नये? मलिक अंबराच्या काळात या शहरात दुरून मातीच्या नळांतून नहरीचे पाणी आणले गेले, आणि ते अनेक पिढ्यांनी प्यायले. त्याच शहरात पाण्याची वाट पाहत आपण वर्षानुवर्षे हंडे-पिंप भरून ठेवले. आपल्या गल्लीत कोणत्या नळाला किती दाब आहे, कोठे गळते, कोणाच्या घरी शेवटी पोचते, याची मोजणी विद्यार्थ्यांनी करावी आणि नकाशा मंडळाला द्यावा. घरोघर बोलायला आपण बरोबर जाऊ. उर्दू बोलणाऱ्या आपल्या शेजारणींनी साथ दिली, तर एकही दार बंद राहणार नाही. मुलांना माणसांशी बोलायचे शिक्षण मिळेल, आणि आपल्याला अर्जाला जोडायला एक नीट कागद मिळेल.

ज्या भगिनीने मला प्रश्न विचारला, त्यांना मी आता उत्तर देते. बाई, तुम्ही कोणाचीच बाजू घेऊ नका. एका संध्याकाळी मुलीच्या वडिलांना घेऊन त्या वर्कशॉपमध्ये जा. ती काय करते ते दोघांनी डोळ्यांनी पाहा. तिला ते तीन प्रश्न तेथेच विचारा. मग काय तो निर्णय तुम्ही तिघे मिळून घ्या. मी तेवढेही केले नव्हते.